‘गाझी’ कोणी बुडवली? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : ‘द गाझी अटॅक’ हा २०१७ सालचा चित्रपट आम्ही घरी सर्वांनी मिळून पाहिला. भारतीय पाणबुडीने पाकिस्तानची ‘गाझी’ पाण्याखाली गाठून बुडवली, असे त्यात दाखवले आहे. माझे वडील १९७१ च्या युद्धाच्या वेळी नोकरीनिमित्त विशाखापट्टणमला होते. त्यांच्या आठवणीप्रमाणे तेव्हा सर्वांच्या तोंडी ‘राजपूत’ या जहाजाचे नाव होते, पाणबुडीचे नाव कोणी घेतल्याचे त्यांना स्मरत नाही. खरे काय मानायचे? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : आपल्या वडिलांची आठवण बरोबर आहे. ३ आणि ४ डिसेंबर १९७१ च्या दरम्यानच्या रात्री विशाखापट्टणम बंदराच्या तोंडाशी ‘गाझी’ बुडाली आणि भारतीय नौदल तिला बुडवल्याचे श्रेय ‘आयएनएस राजपूत’ या विनाशिकेला देते. (१९८० मध्ये नौदलात आलेली क्षेपणास्त्रवाहू ‘राजपूत’ वेगळी. ही दुसऱ्या महायुद्धातली, ब्रिटिश बनावटीची आणि तेव्हा निवृत्तीला टेकलेली नौका होती.) चित्रपटातल्या पाणबुडीचा एस-२१ हा क्रमांक तेवढा खरा आहे. तो ‘करंज’ या आपल्या खऱ्या पाणबुडीचा होता, पण ‘करंज’ त्या युद्धात बंगालच्या उपसागरात नव्हती, ती आपल्या बाजूच्या अरबी समुद्रात गस्त घालत होती. पाणबुडीवर आलेली निर्वासित डॉक्टर आणि लहान मुलगी ही पात्रेही कल्पित आहेत. आपली कथा काल्पनिक असल्याचे चित्रपट स्वतःच सांगतो, त्यामुळे निर्मात्यांनी फसवणूक केली असे म्हणणे अन्यायाचे होईल.

माझी तक्रार वेगळी आहे. कल्पिताला जागा करून देण्यासाठी जे बाजूला सारले गेले, ते कल्पितापेक्षा कितीतरी रोमहर्षक होते. ‘गाझी’ ही मुळात ‘डायब्लो’ नावाची अमेरिकी पाणबुडी. १९६४ मध्ये ती पाकिस्तानला मिळाली. पाकिस्तानकडच्या फ्रेंच बनावटीच्या पाणबुड्या तिच्याहून नव्या होत्या, परंतु कराचीहून निघून श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरापर्यंत पोहोचण्याइतका पल्ला एकट्या ‘गाझी’चा होता. म्हणून १४ नोव्हेंबर १९७१ रोजी ही जुनी पाणबुडी ‘विक्रांत’ या आपल्या विमानवाहू नौकेच्या शोधात निघाली. पूर्व किनाऱ्यावर पाणसुरुंग पेरणे हेही तिचे काम होते. इकडे ‘विक्रांत’च्या एका बॉयलरला तडा गेलेला असल्यामुळे तिला पूर्ण वेग घेता येत नव्हता, आणि पाणबुडी मागावर असताना मंदावलेली विमानवाहू नौका ही किती मोठी जोखीम असते, हे पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल एन. कृष्णन पुरते ओळखून होते.

‘गाझी’ पूर्वेकडे येत असल्याचा सुगावा लागला तो एका वंगणतेलामुळे. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या (आताच्या बांगलादेशातल्या) चितगावच्या नौदल अधिकाऱ्यांकडे एका विशिष्ट तेलाची चौकशी करणारा पाकिस्तानी बिनतारी संदेश आपल्या हाती आला. ते तेल केवळ पाणबुड्या आणि सुरुंग काढणाऱ्या नौका वापरत असत, त्यावरून कृष्णन यांनी काय येत आहे ते ताडले. त्यांनी ‘विक्रांत’ला अंदमानकडे दूर ठेवले आणि ‘राजपूत’ला विशाखापट्टणमच्या बाहेर पाठवून ती जणू ‘विक्रांत’च आहे अशा थाटात भरपूर बिनतारी संदेश धाडायला लावले. बंदरातल्या ठेकेदारांकडे मोठ्या जहाजाला लागेल एवढे मांस आणि भाजीपाला मागवला गेला, कारण अशी बातमी बाजारातून फुटणार याची त्यांना खात्री होती. ‘विक्रांत’वरील कुणा नाविकाने आजारी आईची विचारपूस केल्याचा साधा, सांकेतिक भाषेत नसलेला संदेशही सोडण्यात आला. भाजीच्या मागणीपर्यंत विचार करून रचलेला हा सापळा चित्रपटाच्या केंद्रस्थानी असायला हवा होता. तिथे बसवले आहेत ते कप्तानांचे स्वभाव आणि त्यांची आपसातली खडाजंगी.

आता प्रत्यक्ष बुडण्याविषयी. त्या रात्री बंदरातून बाहेर पडताना ‘राजपूत’वरच्या पहारेकऱ्याला पाण्यात संशयास्पद खळबळ दिसली आणि जहाजाने दोन डेप्थ चार्ज, म्हणजे ठरावीक खोलीवर फुटणारे बाँब, टाकले. मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात किनाऱ्यावर प्रचंड स्फोट ऐकू आला. पुढे मच्छीमारांनी समुद्रात सापडलेले अवशेष आणून दिले आणि बुडी मारणाऱ्या नौसैनिकांनी तळाशी जाऊन ‘गाझी’ची ओळख पटवली. तिच्यावरच्या नव्वदहून अधिक जणांपैकी कोणीही वाचले नाही. तिच्याच सुरुंगांचा अपघाती स्फोट झाला, ही पाकिस्तानची भूमिका आहे. पुढचा भाग आतून बाहेरच्या दिशेने फाटलेला असल्याने स्फोट आतच झाला असावा, असे मानणारे निवृत्त अधिकारी आपल्याकडेही आहेत. पण तो बाँबच्या धक्क्याने झाला की आपसूक, याचा वाद मिटलेला नाही. चित्रपट मात्र सरळ टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून धावणारे स्फोटक अस्त्र, मारून हा प्रश्न मिटवतो, आणि ‘राजपूत’च्या नाविकांच्या वाट्याचे श्रेय कल्पित नायकांकडे जाते. हे मला मनापासून खटकले.

प्रश्न : दोन पाणबुड्या पाण्याखाली समोरासमोर लढतात, हे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे का? — एक वाचक, वास्को

उत्तर : शक्य आहे, पण नौदलांच्या इतिहासात त्याचे निर्विवाद उदाहरण एकच आहे. ९ फेब्रुवारी १९४५ रोजी ‘व्हेंचरर’ या ब्रिटिश पाणबुडीने नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ जर्मनीची यू-८६४ ही पाणबुडी बुडवली, तेव्हा दोघीही पाण्याखाली होत्या. एरवी पाणबुडीने पाणबुडी बुडवली ती बहुतेक वेळा सावज पृष्ठभागावर असताना. अडचण अशी, की पाण्याखाली नुसते ऐकून शत्रू कोणत्या दिशेला आहे हे कळते, पण तो किती अंतरावर आणि किती खोल आहे हे कळत नाही. ‘व्हेंचरर’चा कप्तान कित्येक तास नागमोडी जाणाऱ्या शत्रूचा आवाज ऐकत आकडेमोड करत राहिला. शेवटी त्याने वेगवेगळ्या खोलीवर चार टॉर्पेडो सोडले. पहिले तीन चुकवणारी जर्मन पाणबुडी चौथ्याच्या मार्गात आली.

हे लक्षात घेतले की चित्रपटातला राष्ट्रगीत गाऊन शत्रूच्या कप्तानाला डिवचण्याचा प्रसंग कुठे चुकतो ते कळते. त्यातली भावना खोटी आहे असे मी म्हणत नाही. परंतु शत्रू कान लावून बसलेला असताना पाणबुडीत पंखेसुद्धा बंद करतात, माणसे कुजबुजत बोलतात आणि हातातले अवजार खाली पडू नये म्हणून जिवापाड जपतात. त्या जीवघेण्या शांततेवर दिग्दर्शकाने अधिक विश्वास ठेवायला हवा होता. अरुंद मार्गिका, घामाने निथळणारी माणसे आणि हवेची चिंता यांचे चित्रण मात्र चांगले जमले आहे.

प्रश्न : ही सगळी पूर्व किनाऱ्याची हकिकत झाली. त्या युद्धातल्या पाणबुड्यांशी गोव्याचा काही संबंध आला का? — एक वाचक, पणजी

उत्तर : दोन प्रकारे आला. ‘गाझी’ विशाखापट्टणमला अडकून पडली म्हणून ४ डिसेंबरपासून ‘विक्रांत’वरील सी हॉक आणि अलिझे विमाने कॉक्स बाजार आणि चितगाववर निर्धास्तपणे हल्ले चढवू शकली. या दोन्ही जातींची विमाने बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात उभी आहेत. अलिझे हे तर पाणबुड्या शोधण्यासाठीच बनवलेले विमान. मुलांना चित्रपट दाखवला असेल, तर त्यांना तिथेही अवश्य घेऊन जावे.

दुसरा संबंध दुःखद आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीने आपली ‘खुकरी’ ही नौका टॉर्पेडोने बुडवली. तेव्हा गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता, म्हणजे ती आपल्याच प्रदेशालगतची घटना होती. काही मिनिटांत जहाज पाण्याखाली गेले आणि १८ अधिकारी व १७६ नाविक मृत्युमुखी पडले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी स्वतःचे जीवरक्षक जाकीट एका नाविकाला दिले आणि ते जहाजाबरोबर गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. दीवला चक्रतीर्थाच्या किनाऱ्याजवळ, समुद्राकडे तोंड करून ‘खुकरी’चे स्मारक आहे आणि तिथे काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती ठेवलेली आहे.