लोखंड इतके स्वस्त असताना रबरासाठी नियोडिमियम कशाला?

आपण विचारले आहे की ब्युटाडायीन आणि आयसोप्रीन या छोट्या रेणूंच्या लांब साखळ्या जोडून रबर तयार करणारे लोहाचे उत्प्रेरक प्रयोगशाळेत उपलब्ध असताना कारखाने नियोडिमियम, कोबाल्ट आणि निकेल यांनाच का धरून बसले आहेत. मी काही वर्षे याच उत्प्रेरकांवर काम केले आहे. लोखंड स्वस्त आहे हे खरेच, पण रबराच्या हिशेबात त्या स्वस्ताईला फारसे वजन नाही.

समजा, धातूच्या एका अणूमागे ब्युटाडायीनचे ५,००० रेणू साखळीत जोडले गेले. मग १ किलो रबराला सुमारे ०.२ ग्रॅम लोह पुरते आणि नियोडिमियम घेतले तर साधारण अर्धा ग्रॅम लागते. मात्र लोह एकटे काही करत नाही. त्याला जागे करायला ॲल्युमिनियमचे अल्किल संयुग लागते. ते तीसपट अणूंच्या प्रमाणात घेतले, तर ट्रायआयसोब्युटिल ॲल्युमिनियम २० ग्रॅमच्या वर जाते, आणि हा पदार्थ हवेत उघडला की पेट घेतो. त्यात लिगंड (धातूला चिकटून त्याचे वागणे ठरवणारा रेणू) तयार करण्याचा खर्च मिळवला, की धातूची किंमत बेरजेत कुठेच दिसत नाही.

तरीही लोहाकडे संशोधक वळतात, ते लिगंड बदलून वेगवेगळ्या साखळ्या मिळवता येतात म्हणून. ब्युटाडायीन, आयसोप्रीन यांसारख्या डायईनमधले दोन दुहेरी बंध एका एकेरी बंधाने जोडलेले असल्यामुळे रेणू साखळीत दोन्ही टोकांनी (१,४) किंवा एकाच दुहेरी बंधाने (१,२) शिरू शकतो, आणि १,४ मध्येही सिस (साखळी दुहेरी बंधाच्या एकाच बाजूने पुढे जाते) व ट्रान्स (विरुद्ध बाजूंनी) असे दोन प्रकार पडतात. सिस-१,४ पॉलिब्युटाडायीन उणे १०० अंश सेल्सियसच्या आसपासपर्यंत रबरासारखे राहते. उलट १,२-जोडणीतले बाजूचे गट एकाआड एक उलट दिशांना असे नियमित लागले, तर २०० अंशांच्या जवळपास वितळणारे, प्लास्टिकच्या जातीचे पॉलिमर मिळते. कोणती जोडणी होणार हे धातूजवळच्या अलिल गटावर (धातूला बांधलेल्या, साखळीच्या वाढत्या टोकावरच्या तीन कार्बनांच्या गटावर) ठरते: नवा रेणू त्याच्या कोणत्या कार्बनला चिकटतो आणि त्याआधी त्या गटाला वळून घ्यायला सवड मिळते का, यावर सगळा खेळ आहे. लोहाच्या लवणात ट्रायअल्किल ॲल्युमिनियमबरोबर डायअल्किल फॉस्फाइट घातले की १,२-जोडणीचे नियमित पॉलिमर मिळते. बायपिरिडीन हा लिगंडही त्याच बाजूला ओढतो. इमिनोपिरिडीन लिगंडवरचा एखादा गट बदलला, तर आयसोप्रीनपासून कधी सिसप्रधान तर कधी ट्रान्सप्रधान साखळी निघते. नैसर्गिक रबर (सिस) आणि गटापर्चा हा झाडाच्या चिकापासून मिळणारा कडक पदार्थ (ट्रान्स) यांच्यात रासायनिक फरक काय तो एवढाच आहे, हे लक्षात घेतले की त्या एका गटाचे महत्त्व कळते.

प्रत्यक्ष काम करताना हे फार सुंदर दिसते. नायट्रोजनखाली बंद बाटलीत टोल्युईनमध्ये ब्युटाडायीन विरघळवून उत्प्रेरक सोडला, की चांगल्या दिवशी काही मिनिटांतच द्रावण मधासारखे दाट होते आणि तळाची चुंबकी कांडी अडखळत अडखळत थांबते. ते आम्लयुक्त मिथेनॉलमध्ये ओतले की रबराचे पांढरट गोळे वेगळे होतात. अवरक्त वर्णपटात ९१० सेमी⁻¹ जवळचे शिखर १,२-जोडणीचे, ९६७ चे ट्रान्सचे आणि ७४० जवळचे सिसचे. पट्टी यंत्रात ठेवली की आपण काय बनवले ते कळते. (उत्प्रेरकाचा अभ्यास इतका सोपा नसतो. लोहाची बहुतेक संकुले, म्हणजे लिगंड जोडलेले लोह, अनुचुंबकीय (चुंबकाकडे हलकेच ओढली जाणारी) असल्याने रेणूची रचना दाखवणारे त्यांचे एनएमआर वर्णपट पसरट येतात, आणि खरे काम करणारी ऑक्सिडीभवन अवस्था +२ आहे की +३ यावर वाद रंगतात.)

खरी अडचण नंतर येते. मी एकदा अँटिऑक्सिडंट न घालता पॉलिब्युटाडायीनची एक पट्टी कपाटात ठेवून दिली होती. काही आठवड्यांत ती पिवळसर तपकिरी झाली आणि वाकवताच कडेला तडे गेले. रबरात उरलेले लोह +२ आणि +३ यांच्यात सहज ये-जा करते आणि हवेमुळे तयार झालेल्या हायड्रोपेरॉक्साइडचे मूलकांत (सुटे इलेक्ट्रॉन असलेल्या, फार क्रियाशील तुकड्यांत) विघटन करते. ते मूलक साखळीतल्या दुहेरी बंधांशेजारी हल्ला चढवतात. कोबाल्टही या बाबतीत धुतल्या तांदळासारखा नाही, कारण त्याच गुणामुळे तो तैलरंग लवकर वाळवण्यासाठी वापरला जातो. नियोडिमियम मात्र +३ वर ठाम राहतो, आणि शिवाय सुमारे ९८ टक्के सिस देतो. टायरला नेमके तेच हवे असते. लोह धुऊन काढता येते, पण दाट द्रावणातून ते धुणे म्हणजे आणखी एक टप्पा, आणखी पाणी आणि आणखी वाफ.

त्यात भर म्हणजे लोहाची अनेक संकुले तापमान चढले की लवकर मरतात, आणि ही अभिक्रिया तर उष्णता बाहेर टाकणारी आहे. दाट द्रावणातून उष्णता काढणे अवघड असल्यामुळे कारखान्याच्या मोठ्या पात्रात हा दोष प्रयोगशाळेतल्या बाटलीपेक्षा कितीतरी अधिक जाणवतो. म्हणून मला वाटते, की लोहाचा पहिला खरा उपयोग टायरच्या सिस-रबरात होणार नाही. कोबाल्टने आज तयार होणाऱ्या नियमित १,२-पॉलिब्युटाडायीनमध्ये, जिथे सिसची अट नाही, तिथे त्याला अधिक वाव आहे, आणि तिथेही निर्णय उरलेल्या लोहाच्या प्रमाणावरच होईल.