वाचकांचे प्रश्न : रात्रीच्या कच्च्या वाटेसाठी सायकलचा दिवा

प्रश्न : आम्ही चार मित्र शनिवारी सायकली गाडीवर बांधून कर्जतच्या पुढे जातो आणि शेतांमधल्या मुरमाच्या वाटांवर रात्री दोन-अडीच तास सायकल चालवतो. माझ्या जुन्या दिव्याची बॅटरी वेगळी होती आणि तिची वायर करवंदीच्या जाळीत अडकून तुटली. म्हणून आता बॅटरी आतच बसवलेला दिवा घ्यायचा आहे. दुकानदाराने २,४०० ल्युमेनचा दिवा दाखवला. तो अडीच तास पुरेल का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : पूर्ण प्रखरतेवर नाही पुरणार. ल्युमेन हे दिव्यातून निघणाऱ्या प्रकाशाचे माप आहे. आजच्या चांगल्या एलईडी दिव्यात ढोबळमानाने एका वॅटमागे १०० ल्युमेन प्रकाश मिळतो, म्हणजे २,४०० ल्युमेनसाठी सुमारे २४ वॅट लागतात. दिव्यात २१७०० आकाराचे, प्रत्येकी ५,००० मिलिअँपिअर-तासांचे दोन सेल असतील, तर एका सेलचे सुमारे ३.६ व्होल्ट धरून (५ अँपिअर-तास × ३.६ व्होल्ट × २ सेल) एकूण साठा ३६ वॅट-तासांचा होतो आणि तो दीड तासात संपतो. त्याऐवजी ३,००० मिलिअँपिअर-तासांचे, १८६५० आकाराचे दोन सेल असतील, तर तासभरही निघणार नाही. त्यामुळे दुकानात ल्युमेन विचारण्याआधी आत कोणते आणि किती सेल आहेत, हे विचारावे.

दुसरी अडचण उष्णतेची आहे आणि आपल्याकडे ती अधिक जाणवते. दिव्याला मिळणाऱ्या विजेचा मोठा भाग उष्णतेत जातो; ती बाहेर टाकण्यासाठी अंगावर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, पण त्यांना वारा लागावा लागतो. चढावर आपण ताशी सात-आठ किलोमीटरने रेटत असताना वारा जवळजवळ नसतोच, आणि दिवा तापला की आतील यंत्रणा स्वतःहून प्रकाश उतरवते. वेगळ्या बॅटरीच्या दिव्यात सेलची ऊब निदान दूर राहते. इथे सेल आणि एलईडी एकाच डबीत असतात. खोक्यावरील वेळेचा आकडाही जपून वाचावा. एएनएसआय एफएल-१ हे हातदिव्यांच्या मोजमापाचे अमेरिकी मानक पाळणारे उत्पादक प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ देतात, आणि दहा टक्के प्रकाशात उतार उतरता येत नाही. घेतलेला दिवा घरी आधी टेबलफॅनसमोर आणि मग पंख्याविना पूर्ण प्रखरतेवर लावावा, त्याचा झोत भिंतीवर टाकावा आणि मोबाइलचे एक्स्पोजर हाताने एकाच ठिकाणी ठेवून दर पाच मिनिटांनी फोटो घ्यावा. दोन्ही वेळच्या फोटोंतील फरक पाहिला की दिव्याची खरी ताकद कळते.

आपल्या फेरीचा हिशेब असा मांडता येईल : चढाच्या आणि सपाटीच्या दोन तासांना ५०० ल्युमेन, म्हणजे सुमारे १० वॅट-तास, उताराच्या अर्ध्या तासाला पूर्ण प्रखरता, म्हणजे १२ वॅट-तास. ३६ वॅट-तासांच्या दिव्यात यानंतरही बराच साठा उरतो, आणि टायर पंक्चर झाल्यास तो लागतोच. उतारावर मात्र काटकसर करू नये. ताशी २० किलोमीटर वेगात दगड दिसून ब्रेक दाबेपर्यंतच दीड सेकंद, म्हणजे आठ मीटर निघून जातात; भुसभुशीत मुरमावर थांबायला आणखी पाच-सहा मीटर लागतात.

प्रश्न : एकच दिवा घेणे परवडते. तो हँडलवर लावावा की हेल्मेटवर?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : हँडलवर. हेल्मेटवरचा दिवा डोळ्यांच्या अगदी जवळ असल्याने दगडाची सावली दगडाच्या मागेच लपते आणि उंचसखल वाट सपाट भासते. हँडलवरचा झोत खालून, तिरका पडतो. त्यामुळे मुरमातला अंड्याएवढा गोटाही लांब सावलीमुळे आधी नजरेत भरतो, आणि पावसाच्या पाण्याने पडलेली चर काळ्या रेघेसारखी उठून दिसते. हँडलच्या दिव्याला एकच मर्यादा आहे : वळणावर हँडल वळेपर्यंत तो सरळच पाहतो. म्हणून पुढे पैसे जमल्यावर हेल्मेटसाठी एका सेलचा, अरुंद झोताचा हलका दिवा जरूर घ्यावा. हँडलचा दिवा अचानक विझला, तर तोच आपल्याला घरी आणेल. धुक्यात मात्र हेल्मेटचा दिवा मंद करावा, कारण त्याचा प्रकाश थेंबांवरून थेट डोळ्यांत परततो. आणि डांबरी रस्त्यावर येताच हँडलचा झोत खाली वळवून कमी करावा. या दिव्यांचा गोल झोत समोरच्या दुचाकीस्वाराला आंधळा करतो, हे आपल्यापैकी अनेकांच्या ध्यानातच येत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात हे दिवे टिकतात का? आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात रात्री जाता येईल का?
– एक वाचक, कांदिवली

उत्तर : टिकतात, पण खोक्यावरील आयपीएक्स हा पाण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा पाहून घ्यावा. आयपीएक्स-४ म्हणजे केवळ शिंतोड्यांपासून बचाव, आपल्या जुलैसाठी जोरदार पाणी सोसणारा आयपीएक्स-६ पाहावा. चार्जिंगच्या खाचेचे रबरी झाकण घट्ट बसते का, हे नखाने उघडून पाहावे, आणि खाच पूर्ण कोरडी झाल्याशिवाय चार्जर जोडू नये. उद्यानात रात्री मुळीच जाऊ नये. ते संध्याकाळी बंद होते, आणि रात्र ही तिथल्या बिबट्यांच्या वावराची वेळ आहे. कितीही प्रखर दिवा असला तरी ती वाट आपली नाही. आरेच्या आतल्या पायवाटांबाबतही माझे मत हेच आहे.