बाणाचं पातं कुठलं घेऊ, फिक्स्ड की मेकॅनिकल?

प्रश्न : सर नमस्कार. मी मूळचा सिंहगड रोडचा, शाळेत असताना पुण्यातच रिकर्व्ह धनुष्य चालवायला शिकलो, आता तीन वर्षं झाली अमेरिकेत विस्कॉन्सिनला नोकरीला आहे. तिकडे सप्टेंबरचा मध्य आला की ऑफिसमधले निम्मे लोक धनुष्य घेऊन हरणांच्या मागे असतात. मीपण रीतसर कोर्स करून लायसन काढलंय, कंपाऊंड बो (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) घेतलाय, ड्रॉ वेट म्हणजे दोरी ओढायचा जोर ५० पाऊंड, बाण ४०० ग्रेन वजनाचा, वेग मोजला तर सेकंदाला २३० फूट आला. आता अडलंय ते ब्रॉडहेडवर, म्हणजे बाणाच्या पात्यावर. एक मित्र म्हणतो डोळे झाकून फिक्स्ड घे, दुसरा म्हणतो मेकॅनिकल घे, प्रॅक्टिसच्या टोकासारखंच सरळ जातं आणि ट्यूनिंगची, म्हणजे बाण सरळ सुटावा म्हणून धनुष्य जुळवत बसायची, कटकट नाही. गणपती झाले की परत जातोय. आई तुमचं सदर दर महिन्याला वाचते म्हणून तुम्हालाच विचारतो, काय घेऊ?

उत्तर : फिक्स्ड घे. तीन पात्यांचं, १०० ग्रेनचं, साधारण सव्वा इंच रुंदीचं. आता का ते सांगतो, कारण नुसतं ऐकून घेतलंस आणि धनुष्य तसंच ठेवलंस तर फिक्स्डचाही उपयोग नाही.

बाकी वाचकांसाठी थोडक्यात, आपण मैदानावर मारतो त्या बाणाला पुढे गुळगुळीत टोक असतं, त्याला फील्ड पॉइंट म्हणतात. शिकारीच्या बाणाला वस्तऱ्यासारखी धारदार पाती असतात, ते ब्रॉडहेड. फिक्स्डमध्ये पाती कायम उघडी. मेकॅनिकलमध्ये ती मिटलेली असतात, रबराची रिंग किंवा प्लॅस्टिकची कॉलर धरून ठेवते आणि लागल्यावर ती उघडतात, दीड-दोन इंच रुंद जखम करतात.

तुझा दुसरा मित्र खोटं बोलत नाहीये हं. मेकॅनिकल खरंच सरळ जातं, आणि जखम रुंद म्हणजे रक्ताचा माग ठळक, जनावर लवकर सापडतं, हा मोठा फायदा आहे. ६५-७० पाऊंड सहज ओढणाऱ्या माणसाने ते घेतलं तर मी काही म्हणणार नाही. पण ती पाती उघडायला ताकद लागते आणि दोन इंचाची फट कापत आत जायला आणखी लागते, आणि ती सगळी बाणाच्याच जोरातून जाते. तुझा हिशेब करू. बाणाचं वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. तुझ्या बाणाचा जोर येतो ४७ फूट-पाऊंड. हरणासाठी हा फिक्स्डला भरपूर आहे, मेकॅनिकलला चालेल, पण चुकायला जागा कमी राहते. आणि जंगलात चुकतंच, हरीण ऐनवेळी पाऊल टाकतं, बाण चार बोटं पुढे लागतो आणि समोर खांद्याचं हाड येतं.

हे मी पाहिलंय. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये बहिणीकडे मिशिगनला होतो, तिच्या शेजाऱ्यांनी संध्याकाळी एका हरणाच्या मादीवर बाण सोडला, बावीस यार्डांवरून, मेकॅनिकलने. ती तिरकी उभी होती. बाण खांद्याला लागून बाहेर पडला, जेमतेम तीन बोटं आत गेला असेल, एक पातं मागे वळलेलं, दुसरं उघडलंच नव्हतं, मिटलेलंच आणि त्याला केस चिकटलेले. आम्ही चौघं टॉर्च घेऊन रात्री अकरापर्यंत शोधत होतो, पहिल्या पन्नास पावलांत रक्ताचे थेंब, मग पानांवर एखादा, मग काही नाही. सकाळी परत गेलो, सापडली नाही. तो गृहस्थ दोन दिवस नीट जेवला नाही, त्यात मला त्याचा मोठेपणाच वाटला. फिक्स्ड असतं तर नक्की मेली असती असं नाही म्हणत, खांद्याच्या हाडावर कुठलंही पातं हरू शकतं. पण उघडायचंच राहिलं ही भानगड फिक्स्डमध्ये नसते, आणि मला जिवाच्या बाबतीत शक्यता जितक्या कमी करता येतील तितक्या केलेल्या बऱ्या वाटतात.

आता ट्यूनिंग, ज्याला तो मित्र कटकट म्हणतो. फिक्स्डची पाती म्हणजे बाणाच्या तोंडाला लावलेले पंखच. बाण सुटताना जरा जरी वाकडा सुटला तर ते पंख हवा पकडतात आणि बाणाला भलतीकडे नेतात. म्हणजे धनुष्यातली चूक फिक्स्ड तुला तोंडावर सांगतं, मेकॅनिकल बऱ्यापैकी झाकून टाकतं. आणि वाकडा जाणारा बाण निशाण्यावर लागला तरी आत कमी घुसतो, कारण मागची दांडी सरळ ढकलत नाही, हलत राहते. म्हणून मेकॅनिकल घेतलंस तरी ट्यूनिंग सुटत नाही, फक्त दिसत नाही.

पुण्यात आहेस तोवर पेपर ट्यूनिंग उरकून घे. चौकटीला कागद ताणून बांध, दोन मीटरवरून साध्या टोकाचा बाण त्यातून मार, मधे गोल भोक आणि भोवती व्हेन्सच्या, म्हणजे बाणाच्या मागच्या पिसांच्या, बारीक चिरा दिसल्या पाहिजेत. एका बाजूला लांब फाटलं की बाण तिरका सुटतोय. तिकडे गेल्यावर वीस यार्डांवर तीन फील्ड पॉइंट आणि तीन ब्रॉडहेड मार. ब्रॉडहेड डावीकडे लागत असतील तर रेस्ट, म्हणजे धनुष्यावर बाण टेकतो तो आधार, उजवीकडे सरकव, अगदी केसभर, आणि परत मार. दोन्ही एकाच ठिकाणी लागेपर्यंत हेच, एक शनिवार जातो यात. इथल्या क्लबच्या मैदानावर मात्र ब्रॉडहेड काढू नकोस, टार्गेटची चाळण होते आणि कोणी परवानगीही देणार नाही. फोमच्या ब्लॉकवर मारायचं असतं.

ज्या पात्याने प्रॅक्टिस केलीस ते शिकारीला न्यायचं नाही, नवीन पाती बसव. बसवताना बोटांनी पिळू नकोस, सोबत पाना मिळतो तोच वापर, बोट कापलं की हाड दिसतं. पात्याची रुंदी तिकडच्या नियमाप्रमाणे किमान ७/८ इंच लागते, सव्वा इंचाचं त्यात आरामात बसतं, तरी निघण्यापूर्वी यंदाची नियमावली वाच आणि दुसऱ्या राज्यात गेलास तर तिथली वेगळी वाच. आणि जनावर आडवं उभं असेल किंवा थोडं पलीकडे तोंड करून असेल तेव्हाच सोड. समोरून तोंड असेल तर नाही म्हणजे नाही. सोडल्यावर अर्धा तास जागचं हलायचं नाही.

प्रश्न : मुळशीकडे आमची भाताची खाचरं आहेत, रानडुकरं रात्रीत सगळं लोळवून जातात. मी दोन वर्षं पुण्यात कंपाऊंड शिकतोय. ब्रॉडहेड मागवून मचाणावरून मारलं तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार, दादा. तुमचं नुकसान खरं आहे, चार महिन्यांचं कष्टाचं पीक डोळ्यांदेखत जातं तेव्हा काय वाटतं ते कळतं मला. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि त्यात नुसता प्रयत्न केला तरी ती शिकारच धरतात, म्हणजे बाण हुकला तरी गुन्हा. उपद्रवी जनावराबद्दल काय करायचं ते वनखात्याने ठरवायचं, परवानगी त्यांच्याकडूनच येते, स्वतःहून नाही. शिवाय रात्री अंधारात जखमी झालेलं डुक्कर खाचरातून सरळ माणसावर येतं, तुम्ही मचाणावर असाल पण बांधावरून जाणारा शेजारी नसतो. सकाळ झाली की लगेच वनरक्षकाला कळवा, भरपाईसाठी पंचनामा मागा, आणि तो होईपर्यंत आडवं झालेलं भात उचलू नका, आहे तसं ठेवून फोटो काढा, चिखलात उमटलेल्या खुरांचे जवळून काढा.