मुंबईतल्या गिरण्या जाऊन तिथे ऑफिसं आणि मॉल कसे आले, हे अर्थशास्त्राने समजावता येतं का?

येतं. परळची जमीन इतकी महागली की तिथे कापड विणण्यापेक्षा ऑफिसं बांधणं परवडू लागलं. ऑफिसांना एकमेकांच्या शेजारी बसण्याचा फायदा असतो, गिऱ्हाईक आणि माणसं तिथेच मिळतात. विणकाम भिवंडीच्या पॉवरलूमवर, म्हणजे छोट्या कारखान्यांतल्या यंत्रमागांवर गेलं. पण प्रश्नाखाली तुम्ही 'संपामुळे गिरण्या बुडाल्या' असं लिहून टाकलंय, म्हणून हे उत्तर.

लालबागला आमच्या खोलीत आईची खानावळ होती. पाळीप्रमाणे सोळा गिरणीवाले जेवायचे, सगळे सातारा-रत्नागिरीचे, बायकापोरं गावी, पैसे पगाराला. 18 जानेवारी 1982 ला कामगार नेते दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, जवळपास अडीच लाख कामगार बाहेर. दोन महिने आईने उधारीवर जेवू घातलं. मग एकेकजण वळकटी उचलून गावी गेला. आईची वाण्याकडची उधारी तुंबली, वाण्याने माल देणं थांबवलं. एका पगारावर अशा किती चुली चालतात, त्याला पुस्तकात गुणक परिणाम म्हणतात. वडील गिरणीच्या साचेखात्यात होते, म्हणजे मागावर कापड विणायला. पुढे ते भिवंडीला गेले, बारा तासांची पाळी, ना फंड ना ईएसआयचा विमा.

माझे मामा बँकेत होते. ते अजून म्हणतात, संप केला नसता तर गिरण्या टिकल्या असत्या. साफ चूक! अहमदाबादला असा संप झाला नाही, तरी तिथल्या कितीतरी गिरण्या ऐंशी-नव्वदच्या दशकांत बंद पडल्याच. आणि जमिनीचं सगळं बाजारावर ढकलू नका. 1991 च्या विकास नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते: पालिका, म्हाडा (सरकारी घरबांधणी संस्था), मालक. 2001 मध्ये सरकारने नियम बदलला, वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची. इमारती पाडून निघालेली जागा मालकाकडेच राहिली. 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बदल कायम ठेवला.

संप फार ताणला गेला, हे मलाही मान्य आहे. आणि मी स्वतः लोअर परळच्याच एका ऑफिसात नोकरी करतो, तेव्हा नव्या धंद्यांनी काहीच दिलं नाही असं म्हणणार नाही.

पण 'कामगार दुसऱ्या क्षेत्रात जातो' असं वाचलंत तर त्याचं वय विचारा. संपात वडील त्रेचाळीस वर्षांचे होते, साच्याशिवाय दुसरं काम येत नव्हतं. भिवंडीनंतर ते एका इमारतीत वॉचमन झाले. कोर्टाचा निकाल आला त्या आठवड्यात मी मामांना विचारलं, त्या वयात वडिलांनी कुठलं काम धरायचं होतं? ते म्हणाले, "शिकायचं होतं दुसरं काहीतरी." वडील तिथेच बसले होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि रात्रपाळीला निघाले.