लग्नाआधी दिवस गेलेल्या मैत्रिणीला मी कशी मदत करू?

तुमची रूममेट २० वर्षांची आहे, पाळी चुकून तीन आठवडे झालेत, घरी कळलं तर शिक्षण बंद होईल म्हणून ती गप्प आहे, आणि मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या आणून देऊ का, असं तुम्ही विचारलंय.

नका आणू. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहिला असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही, नळी फुटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि मुलगी जिवाला मुकू शकते. म्हणून आधी सोनोग्राफी. गोळ्या डॉक्टरही देतात, पण ९ आठवड्यांपर्यंतच, आणि हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे तिला आत्ताच सातेक आठवडे झाले असणार. मुली 'तीनच आठवडे झालेत' म्हणत थांबतात, तिथेच घोळ होतो.

मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे. दाखवण्यापुरतं मंगळसूत्र घालून आलेल्या मुली आम्हाला लगेच ओळखू येतात; पोत नवी कोरी असते आणि हात सारखा तिच्याकडे जातो. मंगळसूत्राची काहीच गरज नसते. १८ पूर्ण झालेल्या मुलीची स्वतःची सही पुरते. नवरा, आईवडील, कोणाचीच संमती कायदा मागत नाही. गर्भपात कायद्याच्या २०२१च्या दुरुस्तीत 'पती'च्या जागी 'जोडीदार' आला, आणि २९ सप्टेंबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की २० ते २४ आठवड्यांच्या गर्भपाताच्या तरतुदीतून अविवाहित मुलींना वगळता येणार नाही. नाव बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. तरीही एखाद्या दवाखान्यात 'मिस्टरांना घेऊन या' म्हणतील. वाद घालत बसू नका, सरळ दुसरीकडे जा. (ती १८च्या आतली असती तर पालकांची लेखी संमती आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं, दोन्ही आलं असतं.)

आणखी एक गैरसमज आपल्याकडे फार आहे. 'गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे' या पाट्या आपण इतकी वर्षं वाचल्या की गर्भपातच गुन्हा आहे असं शिकलेल्या लोकांनाही वाटतं. गुन्हा लिंग तपासण्याचा आहे.

आता तुमचं काम. 'कोणाचं आहे?' हा प्रश्न तिला विचारू नका. तो विचारायला अख्खं गाव तयार असतं. तिला काय हवंय तेवढं विचारा. मूल ठेवायचं म्हणाली तरी तेही ऐकून घ्या. १८६३ साली पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी फसलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा मूल घेऊन जायचं की तिथेच ठेवायचं हे त्या बाईवरच सोडलं होतं. आज बाळ बालकल्याण समितीकडे सोपवलं तरी आईला फेरविचाराला दोन महिने मिळतात. घाईघाईत त्याच मुलाशी लग्न लावून देणं हा मात्र मला उपाय वाटत नाही. त्याने फक्त नातेवाइकांची तोंडं बंद होतात.

घरात एक तरी माणूस शोधा. आईच हवी असं नाही. अनेकदा मावशी किंवा धाकटी काकू निघते, जी आधी रडते आणि मग पर्स उचलून सोबत येते. मैत्रीण जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा बोलत असेल तर तिला एकटी सोडू नका, १४४१६ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा.

उद्या सकाळी ओपीडीच्या वेळेत तिला सरकारी रुग्णालयात घेऊन जा, केसपेपर काढा, रांगेत सोबत उभ्या राहा. गोळ्या मिळाल्याच तर त्या दिवशी हॉस्टेलवर तिच्याजवळ थांबा. पोटात कळा येणार, रक्त जाणार, ते अपेक्षितच असतं. पण सलग दोन तास, तासाला दोनपेक्षा जास्त मोठे पॅड भिजले, चक्कर आली किंवा ताप उतरेना, तर वॉर्डनला काय सांगायचं याचा विचार न करता रिक्षा बोलवा.