एल-वन वर रेडमंडला यावं का? लांबलचक उत्तर

तुमचा प्रश्न असा होता की कंपनी हैदराबादच्या ऑफिसमधून एल-वन वर (कंपनीच्याच अमेरिकेतल्या ऑफिसात बदली करून नेणारा व्हिसा) वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडला पाठवतेय, मिसेस पुण्यात बँकेत आहेत, मुलगी दुसरीत, तर एवढ्या मोठ्या टेक कंपनीत तिकडे जाऊन काम करण्याचे फायदे-तोटे काय. फॉर्म, कागदपत्रं, मुलाखत हे कंपनीचे वकील सांगतीलच. कालपासून प्रश्न डोक्यात घोळतोय म्हणून बाकीचं लिहितेय.

फायदे खरे आहेत. पैसा तर आहेच, वॉशिंग्टन राज्यात पगारावर राज्याचा इन्कम टॅक्सही नाही. पण मला सगळ्यात जास्त मिळालं ते काम. आपण वापरतो ती सिस्टिम ज्यांनी मुळात बांधली ती माणसं शेजारी बसतात आणि विचारलं की तासभर व्हाइटबोर्डवर समजावतात, पुण्यात मला हे कधी मिळालं नव्हतं. टीम पटली नाही तर कंपनी न सोडता दुसरीकडे जाता येतं. पगारासोबत कंपनी शेअर्स देते त्यांचं मात्र बघा, ते काही वर्षांत थोडेथोडे हातात येतात, आले की पगारासारखा टॅक्स लागतो, कंपनी बहुतेक २२ टक्केच कापते आणि तुमचा स्लॅब वरचा असला तर उरलेला एप्रिलमध्ये भरायचा असतो, त्यामुळे सगळं खर्चू नका.

आता तोटा. एल-वन त्या एकाच कंपनीचा असतो. नोकरी गेली तर एच-वन (तिकडच्या नोकरीचा नेहमीचा व्हिसा) वाल्याला ६० दिवसांत दुसरी कंपनी शोधता येते. एल-वन वाल्यालाही ६० दिवस मिळतात, पण दुसरी कंपनी घ्यायला तयार असली तरी आधी एच-वनची लॉटरी, म्हणजे मोजक्या व्हिसांसाठीची सोडत, लागायला हवी, म्हणजे जवळजवळ परतच. २०२३ च्या जानेवारीत गूगलने १२,००० लोक कमी करतोय म्हणून सांगितलं, मायक्रोसॉफ्टने १०,०००, अ‍ॅमेझॉनने १८,००० च्या वर. तेव्हा आमच्या ओळखीतलं एक एल-वन वरचं कुटुंब मुलांची शाळा अर्ध्यात सोडवून नागपूरला गेलं. त्या महिन्यापासून मी मॅनेजरला कुठल्याच कामाला नाही म्हटलेलं नाही. रात्रीचा ऑन-कॉल, सुट्टीतली मीटिंग, सगळं हो. लोकांना वाटतं मी फार मेहनती आहे. मी घाबरलेली असते, हे नवरा सोडून आज पहिल्यांदा कुणाला सांगतेय.

आणि ले-ऑफ झाला की ग्रीन कार्डची (इथे कायम राहण्याच्या परवान्याची) पहिली पायरी, पर्म, म्हणजे त्या जागेला लायक माणूस इथे मिळत नाही हे सरकारला दाखवणं, ती अडकते, कारण काढलेल्या लोकांचा त्या जागेसाठी विचार केला हे कंपनीला दाखवावं लागतं. आमची फाइल अशीच पडून राहिली, वकिलांना मेल केला की तेच दोन ओळींचं उत्तर. एका देशाला साधारण ७ टक्क्यांच्या वर कार्डं नाहीत, म्हणून भारतीयांची रांग दहा वर्षांच्या पुढे जाते. मुलगा आता पंधराचा आहे. एकविसाव्या वर्षापर्यंत नंबर लागला नाही तर तो आमच्या अर्जातून बाहेर पडेल आणि जिथे वाढला तिथेच त्याला परदेशी विद्यार्थ्याचा व्हिसा काढावा लागेल. तुमची मुलगी लहान आहे, तरीही हा हिशोब आजच मांडा.

शाळेचं सांगते, ते अजून सलतं. प्रवेशाच्या फॉर्मवर विचारतात घरी कोणती भाषा बोलता, मूल पहिली कोणती भाषा शिकलं. मी मराठी लिहिलं, कारण ते खरं आहे. मुलगा इंग्लिश मीडियममधून आलेला, फडाफडा वाचायचा, पण त्या उत्तरामुळे त्याची परीक्षा घेतली आणि इंग्लिश न येणाऱ्यांच्या गटात टाकलं. सायन्सच्या तासाला त्याला वर्गातून उठवून न्यायचे. मी शाळेत जाऊन बसले, मेल केले, तिथल्या बाईंनी वर्षअखेरीला परत परीक्षा होईल एवढंच ऐकवलं. "आई, फॉर्मवर इंग्लिश का नाही लिहिलंस?" म्हणाला, आणि हळूहळू घरी इंग्लिशमध्येच उत्तरं द्यायला लागला. मी आजही मराठीच लिहीन. पण तो आजीशी फोनवर दोन वाक्यांच्या वर बोलत नाही, तेव्हा मला त्या बाईंचा शांत चेहरा आठवतो आणि संताप येतो.

एकटेपणाचं म्हणाल तर त्याची काळजी करू नका, मंडळाचा गणपती आहे, भाजणी मिळते, माणसं जमतात. डिसेंबरमध्ये साडेचारच्या आत अंधार होतो तेवढा सोसावा लागतो.

मिसेसना एल-टू वर (एल-वन वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) लगेच नोकरी करता येईल, ही तुमची मोठी जमेची बाजू. माझा नवरा एच-फोर वर (एच-वन वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) होता, माझा आय-१४०, म्हणजे पर्मनंतरचा ग्रीन कार्डसाठीचा कंपनीचा अर्ज, मंजूर होईपर्यंत त्याला नोकरी करता येत नव्हती. साताऱ्यात ज्याच्या हाताखाली साइटवर पन्नास माणसं असायची तो डबे भरायचा, आणि त्या काळाबद्दल आम्ही अजून नीट बोललेलो नाही. तरी मिसेसनी बँकेचा राजीनामा आधीच देऊ नये, बिनपगारी रजा मिळते का ते विचारावं.

मी असते तर आले असते का, हे तुम्ही विचारलं नाहीत, आणि मला सांगताही येणार नाही. पण हो म्हणण्याआधी एचआरकडून दोन गोष्टी लेखी घ्या: पर्म कधी सुरू करणार, आणि पुढच्या मार्चमध्ये एच-वनच्या लॉटरीत नाव घालणार का. आणि एल-वन ए (मॅनेजर लोकांचा) देतायत की बी (कंपनीच्या कामाची खास माहिती असलेल्यांचा), ते इथे लिहा. ए ला सात वर्षं मिळतात, बी ला पाचच, आणि मॅनेजर म्हणून ए वर येत असाल तर ग्रीन कार्डची वेगळी वाट असते, मग मी वर लिहिलेलं बरंचसं तुम्हाला लागू होणार नाही.