पाटल्या परत ठेव

बाबू,

तुझा मेसेज रात्री दीडला आला, मी सकाळी शटर उघडताना वाचला. अर्धा मेसेज म्हणजे चेन्नईच्या मोटरसायकल ड्रॅग शर्यतीच्या, त्या सरळ पट्ट्यावरच्या, आयोजकांना शिव्या, उरलेला हिशोब, आणि अगदी शेवटी, जाता जाता टाकल्यासारखी एक ओळ: ‘आईने पाटल्या काढून दिल्या आहेत, गहाण टाकू का?’ मोबाइलवर एवढं लांब लिहिणं मला जमत नाही, म्हणून कागद घेतलाय. पोरगी फोटो काढून पाठवेल.

आधी त्या शेवटच्या ओळीचं बोलतो. पाटल्या आजच्या आज कपाटात परत ठेव. आईने स्वतःहून दिल्या म्हणून ते पैसे तुझे होत नाहीत. भांडायचं असेल तर भांड, पण पुढचं वाचून भांड.

तुझी तक्रार खोटी नाही. एन्ट्री फी वाढली, दोन गटांत नाव द्यायचं तर दोनदा भरायची, वर परवाना, मेडिकल, सूट, हेल्मेट. ‘हौशी पोट्ट्यांनी धावायचंच नाही का?’ असं विचारतोस. पण तू पाठवलेला हिशोबाचा कागद तूच नीट वाचला नाहीस. त्यावर फी ही मोठी रक्कमच नाही. सगळ्यात मोठी रक्कम आहे चेन्नईपर्यंत पिकअपचं भाडं, आणि तिच्या खाली तो इंपोर्टेड एक्झॉस्ट, म्हणजे सायलेन्सर. फी बोचते, कारण ती एकदम भरावी लागते. पार्टचे पैसे पाचशे-हजार करत जातात, आणि हौसेने जातात, म्हणून त्यांचा राग येत नाही.

फी कशाची असते तेही समजून घे. ट्रॅकचं भाडं, अँब्युलन्स, डॉक्टर, मार्शल, विमा, सेकंदाचा हजारावा भाग मोजणारी टायमिंगची यंत्रणा, स्टार्टला टायर चिकटावा म्हणून फवारायचं केमिकल. आणि ट्रॅक आहेतच किती? चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला एक, कोइम्बतूरला करी स्पीडवे, ग्रेटर नोएडाला 2011 मध्ये झालेलं बुद्ध सर्किट. लोणावळ्याकडे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगचे कार्यक्रम झाले आहेत. आपल्या विदर्भात एकही नाही. विकणारे चार आणि घेणारा सगळा देश, मग भाव वाढणारच. आयोजक वर दोन पैसे कमावत असेल तर कमावू दे, तो बिचारा मे महिन्यात डांबरावर उभा असतो.

फुकटची शर्यत वर्धा रोडवर आणि आउटर रिंग रोडवर रात्री मिळते, ते तुलाही माहीत आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 189 आहे त्यासाठी: पहिल्यांदा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुन्हा सापडलास तर 10,000 दंड किंवा वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. पण माझी हरकत दंडाची नाही. समोरून येणाऱ्या दूधवाल्याने त्या शर्यतीत नाव दिलेलं नसतं. तिकडे गेलास असं कानावर आलं तर माझ्या गॅरेजची पायरी चढू नकोस.

आता मुद्द्यावर येतो. लाइनीवर उभं राहायचं ते स्वतःच्या, रोख, आधीच कमावलेल्या पैशावर. कर्ज वाईट, व्याज वाईट हे ज्ञान तुला बँकेतला साहेबही देईल. माझं कारण वेगळं आहे. रोखीच्या पैशाला माघार घेता येते, उधारीच्या पैशाला घेता येत नाही.

कसं ते बघ. तुझी यामाहा आरएक्स 100 टू-स्ट्रोक आहे, तू ती नागपुरात ट्यून करतोस. आपण समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या वर आहोत, आणि उन्हाळ्यात इथली हवा तापून पातळ झालेली असते. तीच गाडी चेन्नईला समुद्रसपाटीजवळ नेलीस की हवा दाट मिळते, सिलिंडरमध्ये हवा जास्त जाते, आणि कार्बोरेटरचा मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी ती बारीक तोटी, तोच ठेवलास तर पेट्रोल कमी पडतं. त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे त्याच जेटवर मिश्रण आणखी लीन, पेट्रोल आणखी कमी आणि इंजिन जास्त गरम. तू सरावाची पहिली धाव पूर्ण थ्रॉटलवर काढतोस, शेवटी क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करतोस, प्लग खोलतोस. प्लग कॉफीच्या रंगाचा निघाला तर ठीक. पांढरा निघाला आणि त्या पांढऱ्यावर मिठाच्या दाण्यासारखे बारीक ठिपके दिसले, तर ते ठिपके पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. तुझा पिस्टन वितळायला लागलाय आणि पुढच्या फेरीला तुझं नाव पुकारतायत.

आता सांग, त्या क्षणी काय करशील? स्वतःच्या पैशावर गेलेला पोरगा हात वर करतो, ही फेरी सोडली म्हणतो, मोठा जेट टाकतो. जमलं तर पुढच्या फेरीला उभा राहतो, नाही तर घरी येतो. पाटल्या गहाण टाकून गेलेला पोरगा धावतो. मी असे पाहिले आहेत, सगळे धावतात. कारण घरी जाऊन काहीतरी सांगायचं असतं. मग सिलिंडर आतून खरवडतो, त्याचा ब्लॉक बोअरिंगला जातो, पिस्टन ओव्हरसाइज शोधावा लागतो. तुझ्या गाडीचं उत्पादन 1996 ला बंद झालंय, ओरिजिनल पिस्टन म्हणजे आता नशिबाचा भाग. पाटल्या तिकडे, ब्लॉक इकडे. आणि हे स्वस्तातलं नुकसान झालं. तीन गिअर टाकल्यावर मागचं चाक जाम झालं तर काय होतं ते तुला मी सांगायला नको.

शंकरपट पाहिलाय ना तू? तिथेही सरळ पट्टा, जोडी सोडायची आणि सेकंदाच्या भागावर निकाल. लाखाची जोडी असते, पण बैलाचा पाय जरा आखडला की मालक धुरकऱ्याला खाली उतरवतो आणि जोडी गाडीत चढवून घरी नेतो. त्याला ते जमतं, कारण बैल त्याचा आहे. सावकाराच्या बैलाला असं परत नेता येत नाही.

तू विचारशील, काका, एवढं बोलता, तुम्ही स्वतः चेन्नईला कधी गेलात? नाही गेलो. इंजिन तयार होतं. सिलिंडरचे पोर्ट, म्हणजे आतली भोकं, मी कानशीने हाताने मोठे केले होते, एक्सपान्शन चेंबरचा, म्हणजे टू-स्ट्रोकच्या फुगीर सायलेन्सरचा, नमुना पुठ्ठ्यावर कापून पत्र्यावर उतरवला होता आणि हिंगण्याच्या एका वेल्डरकडून जोडून घेतला होता. कमी होता तो फक्त जाण्या-येण्याचा आणि राहण्याचा पैसा. सासऱ्यांनी स्वतःहून देऊ केला. मी नको म्हटलं. पुढच्या वर्षी बघू म्हटलं, आणि पुढच्या वर्षी पोरगी झाली, त्याच्या पुढच्या वर्षी गॅरेजची जागा घेतली, आणि मग तो ब्लॉक मी एका गिऱ्हाइकाच्या गाडीला बसवून टाकला.

माझा एक दोस्त गेला. फायनान्सवाल्याकडून पैसे घेऊन गेला, ट्रॉफी घेऊन आला, आणि मग ते कर्ज फेडता फेडता गाडीच विकून बसला. त्याला विचारशील तर म्हणेल, आजही कोणी दिले तर परत घेईन. ट्रॉफी त्याच्या टीव्हीवर आहे. त्याच्या घरी गेलो की मी त्या टीव्हीकडे पाठ येईल अशी खुर्ची घेतो, हे मी कबूल करतो. पण त्याचं ऐकू नको. त्याला तेव्हा आईवडील होते, भाऊ होता, ज्यांनी हप्ते ओढले, हे तो सांगत नाही. माझं शटर माझ्या नावावर आहे, आजपर्यंत एकाही वसुलीवाल्याने त्याला हात लावला नाही. त्या वर्षी सासऱ्यांचे पैसे घेतले असते तर ही जागा झाली नसती. नसतीच झाली. माझी बायको याच्यावर काही बोलत नाही, पण तिलाही ते माहीत आहे.

असो. रोख म्हणजे किती, आणि ती कशात घालायची, ते ऐक.

दोन दिवसांत तुला मोजक्या फेऱ्या मिळणार, एकेक बारा-चौदा सेकंदांची. सगळ्या खर्चाला त्या फेऱ्यांनी भाग. मग कळेल की एक्झॉस्टने एकही फेरी वाढत नाही, आणि त्याच पैशात दुसऱ्यांदा चेन्नईला जाता येतं. पिकअप सोड. नागपूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात गाडी बुक कर. टाकी पूर्ण रिकामी लागते, आरसी आणि ओळखपत्राची प्रत लागते, पॅकिंगवाले तिथेच बाहेर बसलेले असतात. आरशे आणि लिव्हर आधीच काढून पिशवीत घे, नाही तर तिकडे मोडलेले मिळतील. मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय फेडरेशनचा स्पर्धा-परवाना 31 डिसेंबरला संपतो, त्यामुळे ऑक्टोबरात काढलास तर पूर्ण पैसे भरून तीन महिनेच मिळतात. जानेवारीत काढ. हेल्मेट आणि सूटमध्ये मात्र काटकसर केलीस तर मी तुला ओळखत नाही. सूट जुना चालेल, हेल्मेट जुनं चालणार नाही.

मोठ्या गाडीचं खूळ डोक्यात आलंय, तेही मेसेजमध्ये वास मारतंय. 350 सीसीच्या वरच्या मोटरसायकलवर सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे, त्या आतल्यांवर 18. राष्ट्रीय स्पर्धेत टू-स्ट्रोकचा वेगळा गट असतो, तुझी जागा तिथे. बेंगळुरूच्या ड्रॅग रेसर हेमंत मुद्दप्पाचे व्हिडिओ जरूर बघ, पण त्याची हायाबुसा बघू नकोस, स्टार्टचे दिवे लागतात तेव्हा त्याचा क्लचवरचा डावा हात बघ. तुझी हार तिथे होते. पहिल्या साठ फुटांत गेलेला दशांश सेकंद शेवटपर्यंत वाढतच जातो, आणि तो पार्टने परत येत नाही. क्लच सोडायचा सराव आपल्या गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत, पहिल्या गिअरमध्ये, वीस फुटांवर करता येतो. त्याला फी नाही. तू तो किती केलास? कंटाळा येतो म्हणून सोडलास, मला सगळं कळतं.

आणि आयोजकांना शिव्या देण्यापेक्षा पत्र लिही. अमेरिकेत हौशी लोकांसाठी ब्रॅकेट रेसिंग असतं. आपली गाडी किती सेकंदांत पोचेल ते आधी सांगायचं, मंद गाडीला तेवढ्या फरकाने आधी सोडतात, आणि सांगितलेल्या वेळेच्या आत पोचलास तर तूच बाद. त्यामुळे पैसा ओतून गाडी पळवण्याला अर्थ उरत नाही, एकसारखं धावणारा जिंकतो. असा एक गट ठेवा, दुसऱ्या गटाची फी निम्मी करा, असं नागपूरच्या तुम्हा पोट्ट्यांनी मिळून सह्या करून पाठवा. ऐकतील असं नाही, पण शिव्यांपेक्षा जास्त ऐकतील.

पैसे यंदा जमले नाहीत तर यंदा जाऊ नकोस. हे लिहिताना माझाही हात जरा अडतो, पण लिहितो. जाऊ नकोस. सर्व्हिस सेंटरच्या पगारातून महिन्याला ठेव, रविवारी माझ्याकडे काम कर, त्याचे पैसे मी देईन. रोज हातात देणार नाही, वहीत लिहीन, नाही तर तू त्याचाही एक्झॉस्ट आणशील. जानेवारीत वही उघडू. आईला सांग, काकांनी सांगितलंय पाटल्या ठेव. तिने ऐकलं नाही तर मला फोन लाव, मी बोलतो.

रविवारी गाडी घेऊन ये. प्लग साफ करून आणू नकोस, नवाही टाकू नकोस. मागच्या वेळी धावलास तोच, जसा आहे तसा असू दे. कार्बोरेटरचा फ्लोट बाउल मात्र रिकामा करून आण, त्यात महिन्याचं पेट्रोल पडलंय. जेट माझ्याकडे आहेत.

— काका